बातुमीच्या पटावर नागपूरची लेक

भारतात चतुरंग म्हणून जन्मलेला खेळ इराणमार्गे जगभर पसरला, पण बायकांच्या बुद्धिबळाला हक्काचं माहेर मिळालं ते जॉर्जियात. कॉकेशसच्या डोंगरातल्या या लहानशा देशात मुलीच्या आंदणात बुद्धिबळाचा पट देत, असं सांगतात. 1962 साली नोना गाप्रिंदाश्विलीने एलिझावेता बायकोव्हाला 9-2 असं नमवून जगज्जेतेपद घेतलं. 1978 मध्ये ते तिच्याकडून गेलं तेही जॉर्जियाच्याच सतरा वर्षांच्या माया चिबुर्दानिद्झेकडे. पुढे सोव्हिएत संघ फुटला, देशात यादवी माजली, तरी 1992, 1994 आणि 1996 अशी लागोपाठ तीन महिला ऑलिंपियाड सुवर्णं जॉर्जियाच्या मुलींनीच नेली. पट मांडायचं त्यांनी थांबवलं नाही, याचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

जुलै 2025 मध्ये याच देशातल्या बातुमीत महिला विश्वचषक झाला आणि नागपूरची दिव्या देशमुख तिथे उतरली. मानांकन पंधरावं. चौथ्या फेरीत तिने दुसऱ्या मानांकित झू जिनेरला घरी पाठवलं, मग द्रोणवल्ली हरिकाला. उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी एका डावात 101 चालींपर्यंत झुंजली, पण तो डाव दिव्याचाच झाला.

अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी. ती 2002 साली ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता! हंपीचं रेटिंग सुमारे 80 गुणांनी जास्त. रेटिंगच्या एलो पद्धतीच्या गणिताने अशा खेळाडूला शंभर डावांत साधारण 61 गुण मिळावेत. क्लासिकल पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, टायब्रेकरचा पहिला जलद डावही. दुसऱ्या जलद डावात दिव्याकडे काळी मोहरी होती, म्हणजे पहिल्या चालीचा फायदाही हंपीकडे. पण डाव लांबला, घड्याळातली मिनिटं सरत गेली आणि चुका होऊ लागल्या. अशा वेळी पुस्तकी तयारी संपते, उरतो तो धीर. दिव्याने तो राखला. 28 जुलैला हंपीने डाव सोडला.

पटावरून उठलेल्या दिव्याने आईला मिठी मारली तेव्हा तिचे डोळे वाहत होते. स्पर्धेआधी तिच्याकडे ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म नव्हता. विश्वचषकाबरोबर तो किताब थेट मिळाला आणि एकोणिसाव्या वर्षी नागपूरची ही मुलगी भारताची 88वी ग्रँडमास्टर झाली.