पौलाने टाकलेला शब्द

पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र वाचायला तीन-चार मिनिटं पुरतात. वचनं 25, मूळ ग्रीक शब्द साडेतीनशेच्या आत. नव्या करारातल्या त्याच्या पत्रांत हे सगळ्यात छोटं. यात नियमशास्त्राचा खल नाही, भांडखोर मंडळीची खरडपट्टी नाही. एका माणसाचा गुलाम दुसऱ्याकडे येऊन पोचला आहे, दुसरा त्याला परत धाडतो आहे आणि सोबत चार ओळी देतो आहे, एवढंच. आपल्याकडे याला शब्द टाकणं म्हणतात. तरीही ख्रिस्ती धर्माची गुलामगिरीबद्दलची भूमिका काय, असा वाद निघाला की दोन्ही बाजूंनी हाच कागद पुढे येतो. दोघांनाही तो कसा पुरतो, हे त्याच्या घडणीतच दिसतं.

पौल तुरुंगात आहे. फिलेमोन हा बहुधा कलस्सैचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या एका गावचा खाऊनपिऊन सुखी गृहस्थ. ख्रिस्ती मंडळी त्याच्याच घरी जमते. अनेसिम त्याचा गुलाम. पौलाच्या सहवासात अनेसिम ख्रिस्ती झाला आहे आणि आता त्याला मालकाच्या दारात पुन्हा उभं राहायचं आहे.

मायन्यापासूनच पौलाची लेखणी सावध आहे. एरवी बहुतेक पत्रांत तो स्वतःला प्रेषित म्हणवतो, इथे नुसता बंदिवान. ज्याच्या हातात बेड्या आहेत तो मालकाला लिहितो आहे, हे पहिल्याच ओळीत फिलेमोनाच्या डोळ्यांपुढे उभं राहतं. शिवाय पत्र एकट्या फिलेमोनाला नाही. अप्फिया, अर्खिप्प आणि घरात जमणारी सगळी मंडळी मायन्यात आहेत. म्हणजे हे पत्र चारचौघांत वाचलं जाणार. आणि नमस्कार आटोपताच अनेकवचन संपतं. तिथून 22व्या वचनापर्यंत सगळं ‘तू’ला उद्देशून. ऐकणारे दहा-वीस आणि बोलणं एकाशी! प्रत्येक वाक्यासरशी घरातल्या माना फिलेमोनाकडे वळल्या असतील.

मग स्तुती. तुझ्यामुळे कितीजणांच्या काळजाला विसावा मिळाला, असं पौल सातव्या वचनात म्हणतो. वाचताना हे मामुली साखरपेरणीसारखं वाटतं. पण बाराव्या वचनात ‘काळीज’ पुन्हा येतं, आणि या वेळी ते अनेसिम आहे: मी माझं काळीजच तुझ्याकडे पाठवतो आहे, या अर्थाचं वाक्य. विसाव्यात तिसऱ्यांदा: आता माझ्या काळजाला विसावा दे. तीन ठिकाणं जोडून पाहिली की सापळा दिसतो. तुझी ख्याती काळजाला विसावा देणारा अशी, माझं काळीज म्हणजे हा पोरगा, तेव्हा तुझं नाव राखायचं असेल तर काय करायचं ते तूच ठरव. सांगितलं काहीच नाही, सुटायला वाट मात्र ठेवलेली नाही.

अनेसिमाचं नाव तर नऊ वचनं उलटेपर्यंत येतच नाही. आधी पौल सांगतो की मला हुकूम करण्याचा अधिकार आहे, पण मी तो वापरत नाही, प्रेमापोटी विनंती करतो. मग, मी म्हातारा. मग, मी कैदी. मग, माझ्या मुलासाठी मागणं आहे, या बेड्यांत असताना मला झालेल्या मुलासाठी. आणि ग्रीक वाक्यात अगदी शेवटी ते नाव. ज्या नावावर फिलेमोनाच्या कपाळावर आठी चढणार, त्याच्या आधी म्हातारपण, कैद आणि बापपण यांची फळी उभी करून ठेवली आहे. नावाचा अर्थ ‘उपयोगी’, गुलामांना सर्रास दिलं जाणारं नाव. पूर्वी निरुपयोगी होता, आता तुला आणि मला दोघांनाही उपयोगी झालाय, अशी कोटी पौल त्यावर करून घेतो. कोटी फक्कड आहे. पण ज्याच्यावर ती केली, तो पत्र वाचलं जात असताना तिथेच कुठेतरी उभा असणार, हे आठवलं की हसू मावळतं.

पंधरावं वचन मला सगळ्या पत्रात जास्त कारागिरीचं वाटतं. अनेसिम पळाला, असं पौल लिहीत नाही. कदाचित तो थोड्या काळासाठी तुझ्यापासून दूर केला गेला, असं लिहितो. कर्मणी प्रयोग! दूर कुणी केलं? सुचवायचं आहे ते देवाने. पळून जाण्याचा गुन्हा असा एका क्रियापदात विरघळवून टाकला आहे. पळाला हे आपण गृहीत धरतो, कारण चौथ्या शतकात योहान क्रिसोस्टमने त्याला चोर आणि पळपुटा ठरवलं आणि पुढे तेच चालत आलं. पत्रात चोरीची कबुली नाही. त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा देणं लागत असेल तर ते माझ्या नावे मांड, एवढंच आहे. आणि इथे पौल लेखनिकाच्या हातून लेखणी काढून घेतो, स्वतःच्या अक्षरात लिहून देतो की मी फेडीन. रीतसर वचनचिठ्ठीच. लगेच पुढे, तू तर तुझं सगळं आयुष्यच मला देणं लागतोस, ते मी बोलतच नाही, असं बोलून घेतो. म्हातारा वस्ताद आहे खरा.

याच्या शेजारी रोमन सिनेटर धाकट्या प्लिनीचं एक पत्र ठेवून पाहावं. साधारण दोन पिढ्यांनंतरचं, साबिनियानस या मित्राला लिहिलेलं. तिथेही मर्जीतून उतरलेल्या एका माणसासाठी, मुक्त झालेल्या गुलामासाठी, रदबदली आहे. तो माझ्या पायांवर पडून रडला, त्याला खरा पश्चात्ताप झालाय, तुझा राग रास्तच आहे, मी त्याला चांगला खडसावलाय, असं प्लिनी लिहितो. पौलाच्या पत्रात अनेसिम रडत नाही, पाया पडत नाही. पौल त्याच्यासाठी दयेची भीक मागत नाही, त्याचा दर्जा बदलायला सांगतो. आता गुलाम म्हणून नव्हे, गुलामाहून अधिक, प्रिय भाऊ म्हणून घे, आणि तो भाऊपणा प्रभूमध्ये तसाच देहानेही. मी आलो असतो तर जसं स्वागत केलं असतंस तसं त्याचं कर. सोळावं आणि सतरावं ही वचनं त्या काळच्या घरमालकाच्या कानांवर काय म्हणून पडली असतील!

आणि इथेच पाय घसरतो. ‘गुलाम म्हणून नव्हे’ म्हणजे त्याला मोकळं कर, की गुलामच ठेव पण भावासारखा वागव? पौल सांगत नाही. मी म्हणतो त्याहून जास्तच तू करशील, असं एकविसाव्या वचनात म्हणून तो बाजूला होतो, आणि माझ्यासाठी पाहुण्यांची खोली तयार ठेव, असं कळवतो. मी येऊन बघणार आहे, ही गोड धमकी. रसिक म्हणून मी या मौनाला दाद देतो. पण एका भिडस्त वाक्यावर एका माणसाचं उभं आयुष्य टांगलेलं आहे, आणि निर्णय शेवटपर्यंत मालकाच्याच हातात राहिला आहे, हेही त्याच मौनात आहे. पौलाने फिलेमोनाचं मन फार जपलं.

ज्यांना हे मौन सोयीचं होतं त्यांनी ते वापरलं. रोमन काळातले गुलामांच्या गळ्यात अडकवायचे धातूचे पट्टे सापडले आहेत. हा पळाला तर धरा, मालकाकडे पोचवा, असा मजकूर त्यांवर कोरलेला असे. झोनिनस नावाच्या मालकाच्या पट्ट्यावर परत आणणाऱ्याला सोन्याचं नाणं कबूल केलं आहे. एका पट्ट्यावर मालकाचं नाव फेलिक्स आणि हुद्दा आर्चडीकन, म्हणजे चर्चचा वरिष्ठ सेवक. त्याच्या मंडळीत पौलाची पत्रं पवित्र लेख म्हणून मानली जात. चौथ्या शतकात गंग्राच्या धर्मसभेने, गुलामाला धर्माच्या नावाखाली मालकाची अवज्ञा करायला शिकवणाऱ्याला शाप ठोकला. त्याच शतकात निसाचा ग्रेगरी ‘उपदेशक’ या पुस्तकावर प्रवचन देताना मालकांना विचारत होता की देवाच्या प्रतिमेची किंमत तुम्ही किती नाण्यांत केलीत. त्याने आडपडदा ठेवला नाही. ग्रेगरीच्या गद्यात पौलाची नजाकत नाही, पण त्यातून कुणाला पळवाट काढता आली नसती. ऐकलं मात्र फार थोड्यांनी.

1850 साली अमेरिकेत पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कायदा कडक झाला, तेव्हा अँडोव्हरचे बायबल-पंडित मोझेस स्टुअर्ट यांनी पौलाचाच दाखला दिला. पौलाने अनेसिमाला परत पाठवलं, मग आपण का नाही? 12वं वचन त्यांनी धरलं आणि 16वं सोडलं.

अनेसिमाला काय वाटलं, हे आपल्याला कधीच कळणार नाही. पत्र त्याच्या हातातून गेलं असावं, पण पत्रात त्याचा एक उद्गार नाही. अशा माणसाला लेखणी मिळाली तर काय होतं, याचं एक उदाहरण आपल्या नाशकातलं आहे. अरबी गलबतांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी नाशिकजवळ शरणपूरला ठेवून शिकवलं. त्यांतला जेकब वेनराइट 1873 मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासात होता. लिव्हिंगस्टनच्या अंत्यसंस्काराची प्रार्थना त्याने वाचली आणि मृतदेह किनाऱ्यावर नेतानाच्या वाटचालीची रोजनिशी त्याने स्वतः लिहिली. ती आज उपलब्ध आहे. अनेसिमाची असती तर फिलेमोनाच्या घरात पुढे काय घडलं यावर विद्वानांना इतकी शाई खर्चावी लागली नसती. इग्नाशियस या सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती पुढाऱ्याच्या पत्रात याच नावाचा इफिसचा बिशप भेटतो, तोच हा, असं मानायचा मोह अनेकांना झाला आहे. पुराव्यापेक्षा इच्छाच त्यात जास्त.

या पत्राचे सगळ्यात तिखट वाचक मला जॉर्जियातले वाटतात. 1833 मध्ये लिबर्टी परगण्यात चार्ल्स कोलकॉक जोन्स हा पाद्री गुलामांपुढे या पत्रावर प्रवचन देत होता. पौलाचा हवाला देऊन त्याने आज्ञाधारकपणाचे गोडवे गायले आणि पळून जाणं निषिद्ध ठरवलं. त्याने स्वतःच नमूद केलं आहे की निम्मे श्रोते उठून चालते झाले. उरलेल्यांत काहींनी नंतर ऐकवलं की असलं पत्र बायबलमध्ये नाहीच. गुलामांना वाचायला शिकवणं त्या राज्यात 1829 पासून गुन्हा होता, त्यामुळे बहुतेकांनी पोथी उघडून पाहिलेली नसणार. पण त्यांचं म्हणणं पडताळून पाहावं. अनेसिमाने मालकाचं ऐकावं, असं या 25 वचनांत कुठेही लिहिलेलं नाही. उपदेश आहे तो सगळा मालकाला. जोन्सने वाचलेलं पत्र खरोखरच बायबलमध्ये नाही.