अद्ययावतीकरणाचे पूर्वनिर्धारित वर्तन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
पॅकेज मॅनेजर म्हणजे संगणकावर सॉफ्टवेअर बसविणारी, काढणारी व अद्ययावत करणारी व्यवस्था होय. वापरकर्त्याने काहीच ठरविले नाही तर ती जशी वागते, त्यास पूर्वनिर्धारित वर्तन म्हणतात. मालवण किनाऱ्यावरील ज्या महाविद्यालयात स्वतंत्र तंत्रज्ञ नाही, तेथील प्रयोगशाळेत हे वर्तन हाच अंतिम निर्णय ठरतो. म्हणून त्याची चिकित्सा आवश्यक आहे.

विवेचन :
'सर्व काही तत्काळ' आणि 'विचारल्याशिवाय काहीच नाही' ही या प्रश्नाची दोन टोके होत. दोहोंतील धोका २७ जून २०१७ च्या नॉटपेट्या हल्ल्यात एकत्रच दिसला. युक्रेनमधील एम.ई.डॉक या लेखा-सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातूनच तो शिरला. पुढे तो पसरला त्यास विंडोजमधील एक दोषही कारणीभूत होता. त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. परंतु ती सर्वत्र बसविली गेली नव्हती. या हल्ल्याने जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामकाजही विस्कळीत झाले.

डेबियनच्या स्थिर शाखेत सुरक्षा-दुरुस्त्या स्वतंत्रपणे येतात. नवी वैशिष्ट्ये सामान्यतः पुढील आवृत्तीपर्यंत थांबतात. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या सॉफ्टवेअरच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत पेरलेला चोरदरवाजा उघडकीस आला, तेव्हा स्थिर शाखा त्यापासून सुरक्षित होती. याउलट उबुंटूची स्नॅप व्यवस्था दिवसातून चार वेळा तपासणी करून नवी आवृत्ती आपोआप बसविते. दुरुस्ती आणि बदल यांत ती पुरेसा भेद करीत नाही, हा तिच्यावरील मुख्य आक्षेप होय.

हा भेद किनाऱ्यावरील माणसास नवा नाही. होडीला भोक पडले तर ते लगेच बुजवावे लागते. मोठे काम मात्र पावसाळी बंदीत, होडी किनाऱ्यावर ओढल्यानंतर काढले जाते.

निष्कर्ष :
सुरक्षा-दुरुस्ती स्थिर व पडताळलेल्या स्रोतातून आपोआप बसावी. नवी आवृत्ती संमतीने, सत्र संपल्यावर यावी. मागील आवृत्तीकडे परतण्याची सोय असावी. स्रोतच दूषित झाल्यास हा नियमही अपुरा पडेल. म्हणून माहितीची वेगळी प्रत ठेवणे अनिवार्य आहे. प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी बदललेला संगणक असो वा दुरुस्तीअभावी निकामी झालेला, किंमत अखेर विद्यार्थ्यालाच मोजावी लागते.