लिंग मा यांची ‘सेव्हरन्स’: सवय, नोकरी आणि एकटेपण

लिंग मा या अमेरिकी लेखिकेची ही इंग्रजी कादंबरी २०१८ साली, म्हणजे कोविडपूर्वी, प्रसिद्ध झाली. तीत ‘शेन फीव्हर’ या बुरशीजन्य तापाने न्यूयॉर्क ओस पडते. रोगी लगेच मरत नाही. ताटे मांडणे, कपडे घालून पाहणे अशी सवयीची कामे तो भान हरपून पुन्हा पुन्हा करत राहतो. कॅंडेस चेन ही तरुणी निरोगी आहे. तरीही कंपनीशी करार केला म्हणून रिकाम्या कार्यालयात एकटीच कामावर जात राहते.

मग रोग्याची सवय आणि तिची नोकरी यांत फरक काय? अभियांत्रिकीच्या वर्गात अचूक पुनरावृत्तीला आम्ही गुण देतो. म्हणून हा प्रश्न मला बोचतो. माझ्या मते फरक तिच्या कॅमेऱ्यात आहे. ओस शहराची छायाचित्रे काढून ती ब्लॉगवर टाकते. करारात नसलेले हे काम ती पूर्ण भान ठेवून करते.

कादंबरीची उणी बाजू म्हणजे बॉब. वाचलेल्यांच्या गटाचा हा पुढारी ठरावीक साच्यातला हुकूमशहा वाटतो. कॅंडेस एकटी असतानाचा ताण त्याच्या प्रसंगांत उरत नाही.

विचारार्थ प्रश्न: करार नसता, तर कॅंडेस कार्यालयात गेली असती का? कादंबरीतील प्रसंगांच्या आधारे लिहा.