कोरियन भाषेचे पहिले धडे

परकी भाषा शिकूं पाहणाऱ्या नवशिक्याच्या हातीं प्रथम काय द्यावें, हा प्रश्न वरवर पाहतां शिक्षकांचा आहे. परंतु २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षणविषयक धोरणांत परकी भाषांमध्यें कोरियनचा उल्लेख आला, तरुण मंडळींस त्या देशाच्या नाटकांची व गाण्यांची गोडी लागली, आणि तो सुशिक्षित घरांचाही प्रश्न झाला. हा छंद चार दिवसांचा, असें वडील मंडळी म्हणतात. तो तसा ठरेल कीं नाहीं, हें आमच्या मतें बव्हंशीं पहिल्या धड्यांवर अवलंबून आहे. रोमन अथवा देवनागरी अक्षरांत शब्दांची यादी, मागाहून लिपि, आणि शेवटीं जेवणानंतरच्या विड्याप्रमाणें चार म्हणी, हा जो क्रम पुष्कळदां दिसतो, तो आम्हांस मान्य नाहीं.

प्रथम लिपि पाहूं. चिनी अक्षरें सामान्य जनांस दुर्लभ, म्हणून राजा सेजोंग यानें ती १४४३ सालीं सिद्ध करून १४४६ सालीं प्रसृत केली. दरम्यान १४४४ सालीं चे मल्ली प्रभृति दरबारी पंडितांनीं तीस विरोध केला होता. मूळच्या २८ अक्षरांपैकीं आज २४ प्रचारांत आहेत. व्यंजनांच्या आकृति उच्चारणाऱ्या अवयवांवरून घेतल्या आहेत. ‘म’ म्हणजे मुखाचा चौकोन. ‘न’ म्हणजे टोंक वर उचललेली जीभ. ‘ग’मध्यें एक रेघ वाढविली कीं महाप्राण वर्ण तयार होतो. कंठ्य-दंत्य-ओष्ठ्य हे भेद लहानपणीं शिकलेल्या मराठी विद्यार्थ्यास ही योजना परकी वाटूं नये.

तर मग देवनागरींतच कां शिकूं नये? कारण चंद्र, मुखवटा आणि मुलगी यांचे कोरियन शब्द केवळ आद्य व्यंजनानें भिन्न आहेत. एक व्यंजन मृदु, दुसरें महाप्राण, तिसरें कंठ आवळून काढलेलें. आणि या तिसऱ्यास आमच्या लिपींत स्वतंत्र चिन्ह नाहीं. मुलीस चंद्र म्हणणें काव्यांत शोभेल, संभाषणांत नव्हे.

याद्यांचा दोष याहून मोठा आहे. ‘बाप’ म्हणजे भात अथवा जेवण, एवढेंच यादी सांगते. वडीलधाऱ्यांच्या जेवणास ‘जिन्जी’ म्हणावें, हें सांगत नाहीं. तूं, तुम्ही आणि आपण यांतील अंतर जपणाऱ्या आमच्या घरांस तरी ही उणीव खटकावयास हवी. अंकही दोन प्रकारचे : तास देशी अंकांनीं, मिनिटें चिनी मूळच्या अंकांनीं. तीन वाजून तीन मिनिटें झालीं, हें सांगतांना पहिल्या तिनास ‘से’ व दुसऱ्यास ‘साम’ म्हणावें लागतें. एका शब्दासमोर एक अर्थ मांडल्यानें हें कसें कळावें?

म्हणी मात्र शब्दास त्याच्या घरीं भेटवितात. गाय गमावल्यावर गोठा दुरुस्त करणारा कोरियन मनुष्य ‘बैल गेला आणि झोपा केला’ म्हणणाऱ्या आमच्या शेतकऱ्याचा सख्खा शेजारी वाटतो. दिव्याखालचा अंधार दोन्हीं देशांस ठाऊक आहे. पण आमचें बोट मुख्यतः तिसऱ्या म्हणीकडे आहे : विळा समोर ठेवूनही ज्यास ‘गियोक’ अक्षर ओळखतां येत नाहीं, तो निरक्षर. ‘गियोक’ म्हणजे वर सांगितलेला ‘ग’; आडवी रेघ व तिच्या उजव्या टोंकापासून खालीं उतरलेली दुसरी, असा त्याचा विळ्यासारखा आकार. आम्ही मंद मुलास ‘ढ’ म्हणतों, त्यांत पाटीचा वास आहे. या म्हणींत शेताचा आहे. पंडितांनीं नाकारलेलें अक्षर कुणब्याच्या हत्यारांत दिसूं लागलें, हा त्या लिपीचा खरा विजय होय.

म्हणींचें व्याकरण नवशिक्यास जड जाईल, असा आक्षेप येईल. परंतु मूल म्हणी व्याकरणाआधींच उचलतें. शिवाय कोरियनमध्यें क्रियापद मराठीप्रमाणें शेवटीं येतें आणि प्रत्यय शब्दामागें लागतात, म्हणून वाक्याची घडी आम्हांस ओळखीचीच आहे. वरील एका म्हणींत विळ्याचा शब्द आहे, पहिलें अक्षर आहे आणि ‘न जाणणें’ हें क्रियापदही आहे. ती शेवटच्या पानावरून काढून पहिल्या दिवशींच्या पाटीवर लिहावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.