'गंगाधरपंतांचे पानिपत' : उपपत्ती की कारण?

जयंत नारळीकरांच्या या कथेत विश्वासरावांना गोळी चाटून जाते आणि १७६१ चे पानिपत मराठे जिंकतात. या पर्यायी इतिहासाची उपपत्ती पंतांचा वैज्ञानिक स्नेही पुंजवादातून लावतो. तिला कारणमीमांसा म्हणता येईल काय? इलेक्ट्रॉन कोठे आढळेल याची संभाव्यता पुंजवाद अचूक सांगतो. तो इथेच का आढळला, याविषयी रूढ कोपनहेगन अन्वयार्थ काहीच सांगत नाही. (बहुविश्वांच्या अन्वयार्थात सर्वच शक्यता वास्तव ठरतात, तेथे हा प्रश्न सुटत नाही, विरतो.) भौतिकी येथे शक्यता पुरवते, कारण नव्हे. पंतच त्या विश्वात का गेले, हे सांगताना मात्र अपघात आणि त्यांच्या मनात घोळणारे युद्धविषयक विचार पुढे येतात. 'शास्त्रीय आधार' म्हणून आपण जिचा गौरव करतो, ती कारणसंगती कथाकाराने रचलेली आहे.