फादर फ्रान्सिस दिब्रिटो : श्रद्धा आणि लोकशाही कृती यांचा अनुबंध

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची परंपरा फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 1616 मधील ‘क्रिस्तपुराणा’पर्यंत मागे जाते. या परंपरेत फादर फ्रान्सिस दिब्रिटो (1942–2024) यांचे स्थान केवळ ललित लेखक म्हणून निश्चित करता येत नाही. त्यांचे लेखन आणि वसईतील लोकचळवळ ही एकाच धर्मजाणिवेची दोन रूपे आहेत.

या जाणिवेची पार्श्वभूमी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (1962–65) आढळते. चर्चने जगाकडे पाठ न फिरविता माणसाच्या ऐहिक प्रश्नांत सहभागी व्हावे, ही दृष्टी परिषदेने दिली. 1972 मध्ये धर्मगुरुपदाची दीक्षा घेतलेल्या दिब्रिटो यांनी ती वसईच्या मातीत रुजविली. ‘सुवार्ता’ म्हणजे शुभवर्तमान. या नावाच्या मासिकाचे 1983 ते 2007 या काळात संपादन करताना त्यांनी सामाजिक प्रश्नांनाही त्यात स्थान दिले. 1988 पासून हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून त्यांनी वसईची हिरवाई आणि पाणी यांच्या रक्षणासाठी सर्वधर्मीय वसईकरांना संघटित केले.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. धर्मगुरूच्या शब्दाला मिळणारा मान ही लोकशाही चळवळीची शक्ती मानावी की मर्यादा? दडपणाखालील समाजाला बोलते करण्यात हा मान निश्चितच उपकारक ठरला. तथापि आज्ञापालनाची सवय आणि स्वतंत्र नागरी विवेक या भिन्न गोष्टी आहेत. शिवाय 1983 च्या कॅनन कायद्यानुसार धर्मगुरूला शासकीय सत्तापद स्वीकारता येत नाही. त्यामुळे सत्तेला जाब विचारणे हेच दिब्रिटो यांचे कार्यक्षेत्र राहिले. निर्णयाची सूत्रे इतरांच्या हाती होती. ग्रामीण भागातून विरोध असतानाही 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली. जमिनीला आलेल्या भावापुढे केवळ नैतिक आवाहन अपुरे पडते, हे यातून स्पष्ट होते.

2020 मध्ये उस्मानाबाद येथील 93 व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले, तेव्हा त्यांच्या धर्मगुरू असण्यावरूनच काहींनी आक्षेप घेतला. नागरिक म्हणून आयुष्यभर वावरलेल्या लेखकाला पुन्हा धर्माच्या चौकटीतच पाहिले गेले, ही बाब चिंतनीय आहे.

सारांश, दिब्रिटो यांचे महत्त्व चळवळीच्या यशापयशावर मोजता येणार नाही. श्रद्धा नागरिकत्वाच्या आड येत नाही, उलट त्याची जबाबदारी वाढविते, हे त्यांनी आचरणाने दाखविले. ही जबाबदारी धर्मगुरूवाचून पेलणारा समाज घडविणे, हे त्यांच्या कार्यातील अपुरे राहिलेले सूत्र होय.