काँक्रीटला फुटलेला पाझर

पाण्यावरच्या मांडणशिल्पांत प्रेक्षकाचं स्थान काय, हा प्रश्न आधी विचारायला हवा. लंडनच्या बार्बिकनमध्ये 2012 साली गाजलेल्या 'रेन रूम'मध्ये कॅमेरे माणसाचा माग काढत आणि तो चालेल तिथला पाऊस थांबवत. भर पावसात प्रेक्षक कोरडा! अनुभव चमत्काराचा, पण पाणी तिथे माणसाच्या हुकमात होतं.

जपानच्या तेशिमा बेटावरचं, 2010 मध्ये खुलं झालेलं तेशिमा कला संग्रहालय याच्या नेमकं उलट वागतं. वास्तुकार र्यूए निशिझावा यांनी मातीच्या ढिगावर काँक्रीट ओतून, मग आतली माती उपसून सुमारे 40 बाय 60 मीटरचं, एकही खांब नसलेलं कवच उभं केलं. छताला दोन मोठी उघडी तोंडं. त्यांतून ऊन, वारा, पाऊस, पाचोळा सगळं आत येतं. आत रेई नाइतो यांची एकच कलाकृती आहे. जमिनीतल्या बारीक छिद्रांतून थेंब उमटतात, घरंगळतात, एकमेकांत मिसळतात, पुन्हा थबकतात. जोडे बाहेर काढून, पायाखाली थेंब येणार नाही हे बघत चालावं लागतं. इथे वाट पाण्याची असते, माणसाने बाजूला व्हायचं.

मात्र याच बेटाच्या पश्चिम टोकाला 1990 पर्यंत कारखान्यांचा विषारी कचरा बेकायदा टाकला जात होता. माती आणि भूजल दोन्ही नासलं. गावकरी वर्षानुवर्षं लढले, तेव्हा 2000 साली तडजोड झाली. नऊ लाख टनांहून अधिक कचरा आणि दूषित माती हलवायला 2017 उजाडलं. म्हणजे थेंबांचं हे शिल्प खुलं झालं, तेव्हा कचरा हलवण्याचं काम चालूच होतं.

शिल्प याबद्दल अवाक्षर काढत नाही. त्याने फलक लावावा असं माझं म्हणणं नाही. उपदेश करू लागलं तर तो थेंब मरेल. पण पाण्याची शुद्धता जिथे माणसांनी भांडून परत मिळवली, तिथे ती आपोआप उगवल्यासारखी दाखवणं हे अर्धंच सत्य आहे. दगडाला पाझर फुटला, असं आपण म्हणतो तेव्हा तो कुणासाठी फुटला हेही त्यात येतं. नाइतोंचा थेंब प्रेक्षकाला नमवतो, ही त्याची मोठी ताकद. त्या थेंबाचा इतिहास बघायचा तर कवचाबाहेर पडून बेटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जावं लागतं. तिथवर गेल्याशिवाय हे शिल्प पुरतं पाहून होत नाही.